मनगटावर बँड बांधा, पण आधी पेशंटला विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या मानसोपचारतज्ज्ञांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी सांगलीत राहते. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, कॉलेजात असल्यापासून बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार खचण्याचा आणि कधी भलतंच वर चढण्याचा आजार. आता तो चाळिशी ओलांडलेला माणूस आहे, झेरॉक्स आणि डीटीपीचं स्वतःचं दुकान चालवतो, वहिनी शिवणकाम करते, पुतणी शाळेत आहे आणि गोळ्या रोजच्या रोज चालू आहेत. हे पत्र मी त्याला विचारून लिहितेय. त्याने पूर्ण वाचलं, दोन गोष्टी नको म्हणाला, त्या काढून टाकल्या. हे आधीच सांगितलं कारण मला तुमच्याशी ह्याच बाबतीत बोलायचंय, की आजारी माणसाची माहिती कुणाकडे जाणार आणि कशासाठी जाणार हे त्या माणसाला विचारून ठरलं पाहिजे.

झोप, नाडी नोंदवणारे मनगटावरचे बँड आणि स्मार्टवॉच आता इतके स्वस्त झालेत की दीड-दोन हजारात कुणीही घेतं, आणि मानसिक आजाराच्या उपचारातही ते शिरलेत. काही डॉक्टर झोपेचा रिपोर्ट मागतात, काही ठिकाणी ॲडमिट झाल्या झाल्या बँड बांधतात, आणि घरातली माणसं तर स्वतःच्या मनानेच आणून हातात घालतात. मी ह्याच्या विरोधात नाहीये. आमच्या घरात बँडचा खरंच उपयोग झालाय. पण तो नुसत्या बँडमुळे झाला नाही, तो ज्या पद्धतीने आमच्या घरात आला त्यामुळे झाला, आणि ती पद्धत आमच्या डॉक्टर मॅडमच्या चांगुलपणावर अवलंबून होती. दुसऱ्या एखाद्या घराला तशा डॉक्टर मिळतीलच असं नाही. म्हणून ती पद्धत नियमात यावी, सगळ्यांना मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

बँड यायच्या आधी आमच्याकडे पाळत नव्हती असं अजिबात नाही. आई रात्री दोन-दोनदा उठायची, दादाच्या खोलीच्या दाराखालून उजेड येतोय का बघायची. कारण आम्हाला अनुभवाने कळलं होतं, तुम्हाला तर ते माहितीच आहे, की मेनिया, म्हणजे मन भलतंच वर चढण्याचा टप्पा, यायच्या आधी बहुतेक वेळा झोप जाते, म्हणजे झोप येत नाही असं नव्हे, झोपेची गरजच वाटत नाही, माणूस तीन तास झोपून टवटवीत उठतो आणि त्याला वाटतं आपण आयुष्यात कधी नव्हे इतके छान आहोत. त्या वेळी लक्षात आलं तर औषध थोडंसं बदलून भागतं. तो टप्पा हातातून गेला की मग कर्ज, भांडणं, ॲडमिशन, सगळं घर ढवळून निघतं. म्हणून आई जागायची. आणि दादाला ते माहिती असायचं, म्हणून तो उजेड दिसू नये म्हणून अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायचा. दोघंही एकमेकांच्या काळजीने जागे आणि दोघंही गप्प.

मॅडमनी बँड सुचवला तेव्हा दादा पहिलं वाक्य बोलला ते असं, "बांधतो, पण फोन माझा आणि पासवर्ड पण माझा." मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. मग काय दिसलं की काय करायचं हे पण तुम्हीच सांगा, मी लिहून घेते." तो बरा होता त्या काळात हे झालं, हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्या वेळी त्याला विचारता आलं आणि त्याला उत्तर देता आलं. तो कागद आजही वहिनीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यात लिहिलंय की वहिनीला फक्त झोपेचे तास दिसतील, बाकी काही नाही, ना नाडी ना लोकेशन. लागोपाठ दोन रात्री चार तासांच्या खाली झोप गेली तर दादा स्वतः मॅडमना मेसेज करेल. त्याने तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केला नाही तर वहिनी त्याला एकदा विचारेल, आणि मग त्याला सांगून, त्याच्यासमोर बसून फोन लावेल, पाठीमागे नाही. वहिनीच्या माहेरी काही कळवायचं नाही. आणि शेवटची ओळ दादाने आग्रहाने घालायला लावली, ती अशी: बँड काढून ठेवला तर त्याचा कुणी अर्थ लावायचा नाही.

आई झोपायला लागली. दादा पण आता झोप आली नाही तर सरळ दिवा लावून वाचत बसतो.

हे सगळं करायला आपल्याकडे कायदा आडवा येत नाही, उलट कायद्याने वाट करून दिलीय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 5 मध्ये आगाऊ निर्देश आहेत, म्हणजे बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की मी आजारी पडलो तर माझी काळजी कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये. कलम 14 मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, म्हणजे आजारपणात निर्णय घ्यायला मदत करणारा आपल्या पसंतीचा माणूस. पण किती पेशंटना हे कुणी सांगितलंय? आमच्या स्वमदत गटात विचारलं तर बहुतेकांनी ही नावं पहिल्यांदाच ऐकली. माझी प्राधिकरणाला पहिली विनंती अशी की ज्याला ज्याला उपचाराचा भाग म्हणून बँड सुचवला जाईल, त्याच्याबरोबर असा एक कागद साध्या मराठीत, पेशंटच्या तोंडून, लिहून घेणं सक्तीचं करा. छापील फॉर्मवर सही घेतली की संमती झाली असं धरू नका. ॲडमिशनच्या वेळी घाबरलेल्या माणसाकडून दहा कागदांवर सह्या घेतात, त्यातलाच हा अकरावा होऊ नये.

आता डॉक्टरांशी बोलते. तुमच्यावरचं ओझं मला दिसतं. आपल्या देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निमहान्स ह्या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने सांगितलं होतं की वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ओपीडीत बाहेर रांग असते, एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात "कसं वाटतंय?" "बरं आहे" एवढंच होतं. अशा वेळी महिनाभराच्या झोपेचा ग्राफ समोर आला तर तुम्हाला मोह होणार, की माणसाकडे न बघता ग्राफ बघून गोळी बदलावी. कृपा करून तसं करू नका. तो ग्राफ पेशंटला त्याचं म्हणणं मांडायला कामाला आला पाहिजे, त्याचं म्हणणं खोडायला नाही.

आमच्याकडे हे झालं ते सांगते. दादा रात्रीची गोळी दहाला घ्यायचा आणि सकाळी अकरापर्यंत त्याला उठताच यायचं नाही. दुकान उशिरा उघडायचं, गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं, आणि घरात पाहुणे आले की "अजून झोपलाय?" हे ठरलेलं. त्याला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की आपणच आळशी. पुढच्या व्हिजिटला त्याने फोन मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हे बघा, डोस वाढवल्यापासून दहा-अकरा तास झोप होतीये, त्याच्या आधी सात होती. मी आळशी नाहीये." मॅडमनी फोन हातात घेतला, नीट बघितलं, आणि विचारलं, "उठल्यावर जड वाटतं का? किती वेळ?" मग गोळीची वेळ रात्री आठवर आणली, थोड्या दिवसांनी डोसही जरा कमी केला, आणि आता साडेआठला शटर वर जातं. बघा ना, आकडा त्याने दाखवला, प्रश्न मॅडमनी विचारला, आणि निर्णय दोघांनी मिळून घेतला. करुणा करुणा म्हणतात ती मला ह्या प्रसंगात दिसली. बँडशिवाय त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नसतं असं मी म्हणत नाही, पण त्याला बोलायला बळ मिळालं हे खरं.

पण हाच बँड उलटा पण पडतो, आणि कसा पडतो ते तुम्ही पेशंटला आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. बँड झोप मोजत नाही हो, तो झोपेचा अंदाज करतो. हात हलतोय का हे आत बसवलेला सेन्सर बघतो, हिरवा प्रकाश कातडीवर टाकून नाडी बघतो, आणि त्यावरून ठरवतो की हा माणूस झोपलाय. झोपलेल्याला झोपलेला म्हणणं त्याला बरं जमतं, पण जागा असून निपचित पडलेला माणूस त्याला बऱ्याचदा ओळखता येत नाही. आणि डिप्रेशनचा पेशंट नेमका तसाच पडलेला असतो! छताकडे बघत, कुशीवर वळायची पण ताकद नसल्यासारखा. सकाळी तो म्हणतो रात्रभर डोळा लागला नाही, आणि बायको किंवा आई फोन बघून म्हणते, "अरे, साडेसहा तास दाखवतंय की." आमच्या गटातल्या एका मुलीने हे सांगितलं तेव्हा ती रडत होती, म्हणाली आधी निदान मी सांगेन ते खरं धरायचे, आता मशीनने मला खोटं पाडलं. हे एक वाक्य सगळ्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

औषधांचंही तसंच. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्या कितीतरी जणांची नाडी औषधामुळेच जोरात चालते, तुम्हाला ते माहिती आहे, पण घड्याळाला माहिती नाही. ते आपलं रात्री-अपरात्री लाल अक्षरात इशारा देतं, माणूस घाबरतो, घाबरल्याने नाडी अजून वाढते. नाडीच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून जो 'स्ट्रेस स्कोर' काढतात त्यावर काही डिप्रेशनच्या गोळ्यांचा पण परिणाम होतो. पट्टा सैल असेल, घाम असेल तरी आकडा बिघडतो. आणि प्रकाशाने मोजणारी यंत्रं सावळ्या-काळ्या कातडीवर चुकू शकतात हे तर करोनाच्या काळात ऑक्सिमीटरच्या बाबतीत समोर आलंच होतं. ज्याला पॅनिक ॲटॅक येतात त्याच्या हातात सतत नाडी दाखवणारं यंत्र देणं म्हणजे काही जणांसाठी आगीत तेल आहे. झोपेच्या स्कोरची चिंता करकरून झोप उडालेले पेशंट पण डॉक्टरांकडे यायला लागले, आणि 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलं. म्हणजे बँड प्रत्येकाला नाही, काहींना स्पष्ट 'नको' म्हणून सांगायला लागेल, आणि जो वापरतोय त्याला स्कोर बंद करून फक्त तास बघायला शिकवायला लागेल. ॲपमधल्या सूचना इंग्रजीत, त्यात 'पुअर', 'लो', 'अटेन्शन' असले शब्द. आधीच स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाला रोज सकाळी उठल्या उठल्या नापास झाल्याचा निकाल कशाला?

गणपतीचं सांगते, कारण ह्यात सगळं एकत्र येतं. दादा ढोल वाजवतो, तरुणपणापासून पथकात आहे. विसर्जनाच्या रात्री त्याच्या बँडवर काय दिसणार? झोप शून्य, पावलं कधी नव्हे इतकी, नाडी रात्रभर चढलेली. कुठल्यातरी शहरात बसलेल्या कॉम्प्युटरने हे बघितलं तर तो म्हणणार मेनिया सुरू झाला. आणि पथकातल्या प्रत्येकाचा आकडा त्या रात्री तसाच असतो, त्यांना कुणी पेशंट म्हणत नाही. पण दुसरी बाजू पण खरी आहे, बायपोलर असलेल्या माणसाची एक अख्खी रात्र जागून गेली तर तेवढ्यानेही मेनियाला सुरुवात होऊ शकते, हे मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलंय. मग करायचं काय, ढोल सोडायचा? मॅडमनी तसं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "कुठल्या वेळेचं वाजवणं सोडवत नाही?" तो म्हणाला, मंडपातून गणपती निघतो तो वेळ. मग ठरलं की निघताना वाजवायचं, रात्री अकराला घरी, गोळी वेळेवर, दुसऱ्या दिवशी दुकान बंद. बँड त्या रात्री हातात असतो, पण त्या आकड्याकडे कुणी एकटा आकडा म्हणून बघत नाही. वारी, लग्नाचं घर, एमआयडीसीतली नाईट शिफ्ट, तान्हं मूल, दहावी-बारावीचा अभ्यास, माणसाच्या आयुष्यात झोप जायची हजार कारणं असतात आणि त्यातलं कुठलं हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता ज्यांना कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं सतत वाटतं त्यांच्याबद्दल. स्किझोफ्रेनियाच्या कितीतरी पेशंटच्या मनात हीच भीती मुळाशी असते. अमेरिकेत नोव्हेंबर 2017 मध्ये एफडीए ह्या तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने 'ॲबिलिफाय मायसाइट' नावाच्या गोळीला मंजुरी दिली. अरिपिप्राझोल ह्या मानसिक आजारावरच्या औषधाच्या गोळीतच बारीक सेन्सर बसवलेला, गोळी पोटात गेली की तो सिग्नल देणार, अंगावर चिकटवलेली पट्टी तो पकडणार आणि फोनला कळवणार की ह्याने गोळी घेतली. आणि ही कुणासाठी, तर स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि डिप्रेशनच्या पेशंटसाठी! त्याच वेळी कंपनीला लेबलवर लिहावं लागलं की ह्यामुळे पेशंट गोळ्या जास्त नियमित घेतात हे सिद्ध झालेलं नाही. सेन्सर बनवणारी प्रोटिअस ही कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यातली एक गोष्ट मात्र चांगली होती, पेशंटला हवं तेव्हा माहिती द्यायचं बंद करता येत होतं. तेवढंच आपण घ्यावं. ज्याला वाटतं की सरकार माझ्या डोक्यातलं ऐकतंय, त्याच्या मनगटावर रात्री अंधारात हिरवा दिवा चमकणारं यंत्र बांधायच्या आधी दहादा विचार करा, आणि तो नको म्हणाला तर त्याचं ते 'नको' आजाराच्या खात्यात जमा करू नका.

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गटातल्या एका ताईंच्या मुलाबाबतीत हे झालं. एका खासगी सेंटरमध्ये त्याच्या हातात बँड बांधला, लोकेशनसकट, त्याने दोनदा काढून टाकला तर फाईलवर 'सहकार्य करत नाही' असं लिहिलं गेलं आणि घरी फोन करायची वेळ कमी केली. मुलगा फक्त म्हणत होता की खाजतंय आणि झोपताना टोचतं. कुणी मनगट बघितलं पण नाही. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला मानसिक रुग्णांना ठेवलेल्या एका आश्रमात आग लागली तेव्हा 28 माणसं गेली, कारण त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं, पळता आलं नाही. त्यानंतर इतक्या वर्षांनी आलेल्या 2017 च्या कायद्यात, कलम 95 मध्ये, स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे, कुठल्याही स्वरूपात साखळदंडाने बांधता येणार नाही. प्राधिकरणाने मला उत्तर द्यावं, जो बँड माणसाला काढता येत नाही, काढला तर शिक्षा होते, आणि जो तो कुठे आहे हे सतत दुसऱ्याला सांगतो, तो 'कुठल्याही स्वरूपात' मध्ये बसतो की नाही? माझ्या मते बसतो. डिमेन्शिया झालेल्या आजोबांना घरचा रस्ता सापडत नाही म्हणून लोकेशनवालं घड्याळ घालणं वेगळं, त्यात त्यांचा जीव वाचतो, तिथेही घरच्यांनी प्रेमाने समजावूनच घालावं. पण ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ह्या आपल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत उद्या कुणी असे बँड पुरवायचा प्रस्ताव आणला तर आधी हा प्रश्न विचारला जावा. आणि वॉर्डात माणसं कमी आहेत म्हणून बँड, असं तर होताच कामा नये. रात्री तीनला बँडने सांगितलं की बेड नंबर अमुकचा पेशंट तळमळतोय, तर त्याच्या शेजारी जाऊन बसायला कुणी सिस्टर, कुणी मावशी असायला हवी ना. ती नसेल तर ती सूचना कुणासाठी?

घरी राहणाऱ्या पेशंटचंही तेच. सूचना आली की पुढे काय, हे आधी ठरलेलं नसेल तर ती नुसती भीती वाढवते. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत पण बोलता येतं, तो प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरात असावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममधला ओळखीचा माणूस, किंवा गावातली आशाताई, कुणीतरी ज्याला पेशंट नावाने ओळखतो तो माणूस आधी दारात यावा. पोलिसांची गाडी सगळ्यात शेवटी. आणि कुठलंही यंत्र परस्पर पोलिसांना कळवणार नाही हे तुम्ही नियमात लिहून टाका.

बायकांचं अजून वेगळं, आणि ह्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून सांगते. बँड बायकोच्या हातात, ॲप नवऱ्याच्या फोनमध्ये, हे आपल्याकडे सर्रास होणार, कारण कितीतरी घरांत बाईचा स्वतःचा स्मार्टफोनच नसतो. ती किती वाजता उठली, दुपारी पडली का, कुठे गेली, नाडी कधी वाढली, सगळं सासरी. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार घटस्फोटाचं कारण म्हणून मांडता येतं, आणि एकदा कोर्टात स्क्रीनशॉट यायला लागले की मग तिने बँड बांधला होता बरं व्हायला की स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करायला? डॉक्टरांनी बँड सुचवताना एक साधा प्रश्न एकांतात विचारावा, "ॲप कुणाच्या फोनवर असणार आहे?" उत्तर ऐकून बँड द्यायचा की नाही ते ठरवावं. वहीत रोज सकाळी झोपेचे तास लिहिणं हा जुना उपाय आहे, वही दडवून ठेवता येते, आणि अशा घरात तीच जास्त चांगली.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता आहेच, कलम 23 आहे, आणि कलम 24 तर सांगतं की इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तो हक्क लागू आहे. पण हे बंधन मुख्यतः तुमच्यावर, उपचार देणाऱ्यांवर आहे. घड्याळ विकणारी कंपनी तुमच्या ओपीडीत बसलेली नसते, तिच्या सर्व्हरवर काय जातं ते तुम्हालाही दिसत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 म्हणतो की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे. मग प्राधिकरणाने एवढं तरी करावं, की उपचारात जी यंत्रं आणि ॲप वापरायची त्यांची यादी तपासून काढावी, ज्यांची माहिती विमा कंपनी, नोकरी देणारे किंवा जाहिरातवाले ह्यांच्याकडे जाऊ शकते ती सरळ बाद करावीत, आणि उपचार थांबले की पेशंटने सांगितल्याबरोबर सगळं पुसता यावं. ऑफिसात 'वेलनेस'च्या नावाखाली फुकट वाटलेल्या बँडमधला डेटा उपचारासाठी मागू नका, कारण तो मालकाच्या नजरेखालून आलेला असतो. आणि ज्याला बँड नको त्याचा उपचार, त्याची अपॉइंटमेंट, त्याच्या औषधांचं कार्ड, कशावरच परिणाम होता कामा नये.

खर्चाचं पण बघा. ज्याला दर महिन्याला गोळ्या घ्यायला सिव्हिलला एसटीने यावं लागतं त्याला दोन हजाराचा बँड आणि रोजचं चार्जिंग आणि इंटरनेट हे सगळं 'सोपं' नाही. त्यामुळे बँडवाल्या पेशंटकडे जास्त लक्ष आणि बिनबँडवाल्याकडे कमी, असं नकळत पण होऊ देऊ नका.

शेवटी एक मागणी. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 46 प्रमाणे राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा त्यातून गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी असतात आणि काळजी घेणाऱ्यांचेही दोन. बँडबद्दलचा कुठलाही मसुदा तयार होईल तेव्हा तो कंपन्यांच्या प्रेझेंटेशनच्या आधी ह्या चौघांपुढे ठेवा, मराठीत ठेवा, आणि महिनाभर लोकांच्या सूचना मागवा. दादाने आमच्या घरातल्या कागदाची कोरी प्रत डीटीपी करून ठेवलीय, नावं काढून, रिकाम्या जागा ठेवून. जी डॉक्टर किंवा जी संस्था मागेल तिला तो छापून पाठवायला तयार आहे, आणि प्राधिकरणाने सुनावणी ठेवली तर आम्ही दोघंही यायला तयार आहोत.

आपली,
एका पेशंटची बहीण
सांगली